आधी संकल्प, मग आढावा

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठीच्या प्राध्यापकाला व्याख्यानास बोलावले म्हणजे तो एखाद्या कवीवर किंवा कादंबरीवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी निवडलेला विषय वरवर पाहता त्याहून बराच दूरचा आहे. आरोग्याच्या आणि समाजकार्याच्या क्षेत्रांत ज्या गुंतागुंतीच्या उपाययोजना केल्या जातात, त्यांवर ठिकठिकाणी झालेल्या अभ्यासांचा एकत्रित, पद्धतशीर आढावा कसा घ्यावा, आणि विशेषतः तो घेण्यापूर्वी त्याची आखणी कशी करावी, याविषयी मी आज बोलणार आहे. मी वैद्य नाही, संख्याशास्त्रज्ञही नाही. तथापि हा विषय मुळात वाचनाचा आहे. अनेकांनी अनेक ठिकाणी लिहून ठेवलेले, परस्परांशी न जुळणारे असे पुष्कळ काही समोर असताना ते प्रामाणिकपणे कसे वाचावे, हा त्याचा गाभा आहे. हा प्रश्न ग्रंथालयाच्या सभागृहात विचारावयाचा नाही, तर कोठे विचारावयाचा?

एका प्रश्नावर एकच लेख असेल तर वाचकाचे काम सोपे असते. त्याच प्रश्नावर पन्नास लेख असले, काहींनी होय म्हटले, काहींनी नाही म्हटले आणि काहींनी निश्चित काहीच म्हटले नाही, की अडचण सुरू होते. पूर्वी अशा वेळी त्या विषयातील एखाद्या मान्यवरास आढावा लिहावयास सांगत. तो आपल्या माहितीतले, आपल्या संग्रहातले, बहुधा आपल्या मताला अनुकूल असलेले लेख घेई आणि त्यांतून निष्कर्ष काढी. तो खोटे बोलत असे असे नाही. परंतु त्याने काय वाचले, काय सोडले आणि का सोडले, हे वाचकाला कळण्याचा मार्ग नसे. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण व्यवहारात उपयोगी असेल; आढावा लेखकाने तिचा अवलंब केला की घात होतो.

हा घात केवळ विद्वत्तेपुरता मर्यादित नसतो. वेळेआधी प्रसूती होण्याची चिन्हे दिसताच आईला कॉर्टिकोस्टेरॉइड या औषधाची इंजेक्शने दिली, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुफ्फुसे लवकर पक्व होतात आणि बाळ जगण्याची शक्यता वाढते, असे न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हाउई या दोघांनी १९७२ साली एका चाचणीतून दाखवले. १९९१ पर्यंत आणखी सात चाचण्यांचे वृत्तान्त प्रसिद्ध झाले. त्यांतल्या बहुतेक चाचण्या लहान असल्याने सुट्या पाहिल्यास त्या संदिग्ध वाटत. एकत्र मांडल्या की उत्तर स्पष्ट होते. परंतु तशी पद्धतशीर मांडणी १९८९ पर्यंत कोणी प्रसिद्धच केली नव्हती. त्यामुळे बहुसंख्य प्रसूतितज्ज्ञांना या औषधाच्या गुणाची खरी कल्पना आली नाही, आणि जी वाचू शकली असती अशी हजारो बालके मधल्या काळात दगावली असावीत. ज्ञान अस्तित्वात होते, छापलेले होते, कपाटांत लावलेले होते. ते एकत्र वाचले गेले नव्हते, एवढेच.

या प्रयत्नांचा इतिहास थोडक्यात सांगतो. विषमज्वराची लस खरोखर उपयोगी पडते काय, हे पाहण्यासाठी कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने १९०४ साली हिंदुस्थानातील आणि दक्षिण आफ्रिकेतील ब्रिटिश सैनिकांचे वेगवेगळे आकडे एकत्र तपासले. आकड्यांत इतकी तफावत आढळली की, त्याने घाईने निष्कर्ष न काढता अधिक काटेकोर चाचणी करावी असे सुचवले. पुढे आर्ची कॉक्रन या ब्रिटिश वैद्याने १९७२ साली आपल्या पुस्तकातून वैद्यकातील उपचारांच्या परिणामकारकतेचा प्रश्न ऐरणीवर आणला. १९७९ साली त्याने वैद्यक व्यवसायाला दोष दिला की, प्रत्येक शाखेतील चाचण्यांचा चिकित्सक आणि वेळोवेळी सुधारला जाणारा गोषवारा तुम्ही अद्याप तयार केलेला नाही. त्या वर्षी या बाबतीत सर्वांत मागे असल्याबद्दलचे उपहासाचे बक्षीस त्याने प्रसूतिशास्त्राला दिले. गंमत अशी की, तो टोला मनावर घेऊन प्रसूतिशास्त्रच या कामात सर्वांच्या पुढे गेले. १९९३ साली कॉक्रनच्या नावाने एक आंतरराष्ट्रीय सहयोगसंस्था उभी राहिली. मघाशी सांगितलेल्या इंजेक्शनांच्या चाचण्यांचा आलेख हेच तिचे बोधचिन्ह आहे. शिक्षण, गुन्हेगारी, समाजकल्याण या क्षेत्रांसाठी २००० साली कॅम्पबेल यांच्या नावाने तशीच दुसरी संस्था स्थापन झाली.

हा झाला इंजेक्शनाचा प्रश्न. ऑकलंडमधले इंजेक्शन आणि अन्य कोठले इंजेक्शन यांत औषध तेच असते. परंतु समाजात राबवल्या जाणाऱ्या योजना अशा नसतात. त्यांत अनेक घटक एकमेकांत गुंतलेले असतात; त्या माणसांकडून माणसांसाठी राबवल्या जातात; गाव बदलले की योजना बदलते. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शिते एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. येथे प्रत्येक शीत निराळ्या भांड्यातले आणि निराळ्या चुलीवरचे असते. मग परीक्षा कशी करावी?

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊन हा प्रश्न तपासू.

नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात एक साधी दिसणारी योजना राबवली गेली. गावातील स्त्रियांचे गट करावयाचे. त्याच भागातील एक स्त्री, जी डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही, तिने दर महिन्याला गटाची बैठक घ्यावयाची. चित्रे आणि गोष्टी यांच्या साहाय्याने बाळंतपणातील आणि नवजात बाळाच्या अडचणी स्त्रियांनीच मांडावयाच्या, त्यांतल्या महत्त्वाच्या निवडावयाच्या, त्यांवर उपाय ठरवावयाचे, ते अमलात आणावयाचे आणि शेवटी काय साधले हे आपणच पाहावयाचे. कोणी अडीअडचणीसाठी पैसे साठवले, कोणी रुग्णाला नेण्यासाठी डोलीची व्यवस्था केली, कोणी स्वच्छ प्रसूतीचे साहित्य तयार ठेवले. २४ ग्रामविभागांच्या १२ जोड्या करून प्रत्येक जोडीतील एका विभागात ही योजना केली, दुसरा तुलनेसाठी ठेवला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार योजनेच्या विभागांत नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी २६, तर तुलनेच्या विभागांत हजारी ३७ च्या आसपास होते.

त्यानंतर तीच कल्पना अन्यत्र गेली. झारखंड आणि ओडिशा येथील तीन आदिवासीबहुल जिल्ह्यांत ती राबवली गेली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तेथे तीन वर्षांत नवजात मृत्यू सुमारे ३२ टक्क्यांनी घटले. परंतु त्याच वर्षी बांगलादेशातील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि तेथे लक्षणीय फरक आढळला नाही. मुंबईतील ४८ झोपडवस्त्यांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली आले. तेथेही नवजात मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. आता आढावा घेणाऱ्याने काय करावे? दोन होय, दोन नाही, म्हणून बरोबरी झाली असे म्हणावे? की सर्वांची सरासरी काढून मोकळे व्हावे?

माझे आजचे मुख्य म्हणणे येथे येते. या प्रश्नाचे उत्तर अभ्यास वाचून झाल्यावर शोधावयाचे नसते. ते कसे शोधणार हे वाचण्यापूर्वीच ठरवावयाचे असते. कोणतीही पूजा आरंभताना आपण हातात उदक घेऊन संकल्प सोडतो. अमुक देशी, अमुक काळी, अमुक गोत्रात जन्मलेला मी, अमुक हेतूने, अमुक कर्म करीत आहे, असे उच्चारतो. कर्म झाल्यावर फळ पाहून हेतू बदलण्याची मुभा मग राहत नाही. आढाव्याच्या शास्त्रात ज्याला प्रोटोकॉल म्हणतात तो पूर्वआराखडा म्हणजे असाच संकल्प होय. तो लिहून जाहीर करावयाचा असतो. इंग्लंडमधील यॉर्क येथे २०११ पासून अशा आराखड्यांची एक जाहीर नोंदवहीच ठेवलेली आहे. त्यामुळे पुढे आढावा प्रसिद्ध झाला की कोणीही मूळ संकल्पाशी तो ताडून पाहू शकतो.

संकल्पात पहिली गोष्ट प्रश्न. कोणासाठी, कोणती योजना, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या फलासाठी, ही चार अंगे साध्या औषधाच्या प्रश्नालाही लागतात. गुंतागुंतीच्या योजनेसाठी देश आणि काळ यांचाही उच्चार करावा लागतो. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे योजनेची सीमा आखणे. गडचिरोली येथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केलेले काम आपल्याला ठाऊक आहे. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेत, जंतुदोष झाल्यास प्रतिजैविक औषधही देत. ४७ गावे तुलनेसाठी होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांची घट झाली. आता 'समाजाच्या सहभागातून नवजात बालरक्षण' असा व्यापक प्रश्न घेतला, तर मकवानपूर आणि गडचिरोली एका पंगतीला बसतात. 'स्त्रियांच्या गटबैठकांचा परिणाम' असा नेमका प्रश्न घेतला, तर गडचिरोली बाहेर राहते, कारण तेथे बाळावर उपचार करणारा माणूस घरी येत होता. शिवाय गडचिरोलीतील गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. अशा अभ्यासांना प्रवेश द्यावयाचा की नाही, हाही प्रश्न आहेच. दोन्ही भूमिकांचे समर्थन करता येईल. मात्र ६२ हा आकडा पाहिल्यानंतर गडचिरोलीला आत घ्यावयाचे ठरवले, किंवा मुंबईचा निष्कर्ष पाहिल्यानंतर शहरे वगळली, तर ते वरातीमागून घोडे आणण्यासारखे होईल.

आपल्या बडोद्याला ही शिस्त नवी नाही. येथील प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिची सात कांडे १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या लिप्यांतील, निरनिराळ्या प्रांतांतील हस्तलिखिते समोर होती. उत्तरेकडची परंपरा आणि दक्षिणेकडची परंपरा ठिकठिकाणी जुळत नव्हत्या. संपादकांना एखादा श्लोक सुंदर वाटला म्हणून तो घेता येत नव्हता. कोणती हस्तलिखिते प्रमाण मानावयाची, पाठ कोणत्या निकषावर निवडावयाचा, हे ठरवूनच पुढे जावे लागले. आणि जे पाठ नाकारले, तेही पानाच्या तळाशी नोंदवले, म्हणजे उद्याच्या अभ्यासकास असहमत होण्याची सोय राहिली. चांगल्या आढाव्यातही नेमके हेच असते. वगळलेल्या अभ्यासांची यादी आणि प्रत्येक वगळण्याचे कारण तेथे दिलेले असते. मराठीच्या विद्यार्थ्याला पाठचिकित्सेची जी शिकवण मिळते, तीच येथे उपयोगी पडते, हे लक्षात आल्यापासून मला हा विषय परका वाटेनासा झाला.

संकल्पातील दुसरी गोष्ट म्हणजे कार्यकारणाची साखळी. बैठका घेतल्याने मृत्यू कसा टळतो? बैठक आणि बाळाचे जगणे यांच्या मध्ये अनेक कड्या आहेत. बैठकीत गर्भवती स्त्री आली पाहिजे. तिला काही उमगले पाहिजे. घरातील सासूने आणि नवऱ्याने ते मानले पाहिजे. सुईणीने हात धुतले पाहिजेत, नाळ स्वच्छ पात्याने कापली पाहिजे, बाळाला उबेत ठेवले पाहिजे, वेळीच अंगावर पाजले पाहिजे. आणि बाळ आजारी पडले तर जवळपास दवाखाना असला पाहिजे. ही साखळी आधी कागदावर काढली, म्हणजे अभ्यासांतून काय टिपावयाचे ते ठरते. केवळ मृत्यूंचे आकडे टिपले तर निष्कर्ष हाती येईल, परंतु कारण कळणार नाही. झारखंड-ओडिशातील चाचणीत घरच्या घरी होणाऱ्या प्रसूतींतील स्वच्छता सुधारली होती. दवाखान्याकडे जाण्याच्या प्रमाणात मात्र तसा लक्षणीय फरक दिसला नव्हता. म्हणजे योजनेचा जोर साखळीच्या कोणत्या कडीवर पडला, हे त्यावरून समजते.

हीच साखळी हातात धरून मुंबईकडे पाहू. तेथील वस्त्यांत प्रसूतिगृहे जवळ होती आणि बहुतेक स्त्रिया प्रसूतीसाठी तेथेच जात. जेथे नाळ रुग्णालयातच कापली जाते, तेथे घरच्या स्वच्छतेवरील चर्चेचा उपयोग कितीसा होणार? मुंबईची चाचणी फसली, असे म्हणण्यापेक्षा त्या साखळीतील जी कडी खेड्यात कच्ची होती ती शहरात आधीच बांधलेली होती, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. मात्र हे स्पष्टीकरण निष्कर्षानंतर सुचलेले असेल, तर त्याला केवळ तर्काचे मोल आहे. आढाव्याच्या आराखड्यातच 'प्रसूती कोठे होतात यावरून फल बदलते काय ते आम्ही पाहू' असे लिहिलेले असेल, तर त्याच स्पष्टीकरणाला पुराव्याचे वजन येते. दोन्ही वाक्ये तीच. ती केव्हा लिहिली, यावर त्यांची किंमत अवलंबून असते.

तिसरी गोष्ट शोधाची. कोठे शोधणार, कोणत्या शब्दांनी शोधणार, कोणत्या भाषांत, कोणत्या वर्षांपासून, हे सर्व आधी लिहावे लागते. येथे एक जुनाच मानवी दोष आड येतो. यशाच्या कथा लवकर छापल्या जातात. अपयशाचे अहवाल टेबलाच्या खणात पडून राहतात. छापील नियतकालिकांपुरताच शोध घेतला, तर प्रत्येक योजना यशस्वी वाटू लागते. म्हणून संस्थांचे अंतर्गत अहवाल, प्रबंध, अप्रकाशित टिपणे यांचाही माग काढावा लागतो, आणि या कामात ग्रंथपालाइतका जाणकार सहकारी दुसरा नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून येथील ग्रंथालयांची घडी बसवली. ती घडी केवळ वाचकांच्या करमणुकीसाठी नव्हती. ज्या ग्रंथालयाने कोणा संस्थेचा रटाळ वार्षिक अहवालही नीट नोंदवून जपला, त्याने उद्याच्या आढावाकाराला एक साक्षीदार मिळवून दिला, असे समजावे.

चौथी गोष्ट मूल्यमापनाची. सापडलेला प्रत्येक अभ्यास सारख्या योग्यतेचा नसतो. तो पारखण्याचे निकष आधी ठरवावे लागतात, आणि ही पारख दोन व्यक्तींनी एकमेकांना न विचारता करावी, असा दंडक आहे. मतभेद झाल्यास तिसऱ्याकडे जावे. मीमांसकांनी वेदवाक्यांत विधी आणि अर्थवाद असा भेद केला. अर्थवाद म्हणजे स्तुती; ती विधीकडे प्रवृत्त करते, पण ती स्वतः विधी नव्हे. योजनांच्या अहवालांतही अर्थवाद पुष्कळ असतो. भारावलेली माणसे भारावून लिहितात, आणि त्यात गैर काही नाही. आढावा घेणाऱ्याने मात्र स्तुती बाजूला ठेवून काय केले, किती केले आणि काय मोजले, तेवढेच उचलावे.

पाचवी गोष्ट, म्हणजे निष्कर्ष एकत्र कसे मांडावयाचे हा प्रश्न, सर्वांत नाजूक आहे. स्त्रीगटांच्या प्रश्नावर २०१३ साली असा आढावा प्रसिद्ध झाला. नेपाळ, भारत, बांगलादेश आणि आफ्रिकेतील मलावी या चार देशांतील सात चाचण्या आणि १,१९,४२८ जन्म त्यात समाविष्ट होते. सर्व मिळून नवजात मृत्यूंत सुमारे २३ टक्के आणि मातामृत्यूंत सुमारे ३७ टक्के घट दिसली. परंतु चाचण्या-चाचण्यांमधील तफावत मोठी होती. मग आढावाकारांनी चाचण्यांचे दोन भाग केले. ज्या चार ठिकाणी गर्भवतींपैकी निदान ३० टक्के स्त्रिया गटांत आल्या होत्या, तेथे नवजात मृत्यूंत सुमारे ३३ टक्के घट होती.

येथे जागरूक वाचकाने थांबून विचारले पाहिजे: ही ३० टक्क्यांची रेषा कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे आखली? बाण सोडल्यावर तो जेथे रुतला त्याभोवती वर्तुळ काढले, तर प्रत्येक जण धनुर्धर ठरेल. ही शंका घेणे म्हणजे त्या संशोधकांवर आरोप करणे नव्हे. अशी विभागणी पाहिली की प्रत्येक वेळी घ्यावयाचीच ती शंका आहे. तिचे निरसन करण्याचा एक मार्ग म्हणजे तेच अनुमान नव्याने कसोटीला लावणे. या प्रश्नात तसे थोडेफार घडलेही. बांगलादेशातील पहिल्या चाचणीत साधारण १४०० लोकवस्तीमागे एक गट होता. पुढे तेथेच साधारण ३०० लोकांमागे एक गट इतकी दाट पेरणी करून दुसरी चाचणी झाली, आणि त्या खेपेस नवजात मृत्यूंत सुमारे ३८ टक्के घट आढळली. देश तोच, योजना तीच, मात्रा बदलली. वैद्याने औषध बरोबर दिले, पण गुंजेऐवजी रतीभराहूनही कमी दिले, तर दोष औषधाचा मानावयाचा की मात्रेचा? हा प्रश्न आराखड्यातच असावा लागतो.

आपण असे म्हणाल की, नवजात बालकांच्या बाबतीत सर्वांचा हेतू शुद्धच असतो; निष्कर्ष थोडा इकडेतिकडे झाला म्हणून काय बिघडले? सद्‌हेतूवर विसंबण्यातील धोका दाखवणारे एक उदाहरण समाजकार्याच्या क्षेत्रातले आहे. अमेरिकेत न्यू जर्सी येथील राहवे तुरुंगात १९७६ साली एक उपक्रम सुरू झाला. वाममार्गाला लागण्याची भीती असलेल्या मुलांना तुरुंगात न्यावयाचे, जन्मठेपेच्या कैद्यांनी त्यांना तुरुंगातील भीषण जीवन सांगून धाक घालावयाचा, म्हणजे मुले सुधारतील, अशी कल्पना होती. १९७८ साली त्यावर निघालेल्या माहितीपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि उपक्रमाचे लोण सर्वत्र पसरले. पालकांना पटणारी, खर्चाने स्वस्त, कानाला गोड अशी ती योजना होती. पुढे नऊ चाचण्यांचा पद्धतशीर आढावा घेतला गेला, तेव्हा आढळले की, अशा भेटी दिलेल्या मुलांत गुन्ह्यांचे प्रमाण, काहीही न केलेल्या मुलांच्या तुलनेत, वाढलेले होते. ज्यांना वाचवावयाचे त्यांनाच अपाय झाला होता. म्हणून चांगल्या संकल्पात हितकारक फलांबरोबर अपायांचाही शोध घेण्याचे वचन असते. जे शोधावयाचे ठरवलेलेच नसते, ते सहसा सापडत नाही.

आढाव्याने सर्व प्रश्न सुटतात असा माझा दावा नाही. वाईट अभ्यासांचा ढीग एकत्र केल्याने चांगले ज्ञान निर्माण होत नाही. प्रत्येक गावाची प्रकृती आकड्यांत मावत नाही; म्हणून ज्यांच्यासाठी योजना आहे त्या लोकांना आणि ती राबवणाऱ्या कार्यकर्त्यांना आखणीच्या वेळीच विचारावे, असा आग्रह आता धरला जातो. कोणते फल महत्त्वाचे, हे घरी बसलेल्या पंडितापेक्षा बाळंतिणीला अधिक कळते. शिवाय आढावा शिळा होतो. नवी चाचणी आली की तो पुन्हा उघडावा लागतो.

तरीही पद्धतशीर आखणीचे फळ केवढे मोलाचे असते, ते या कथेच्या शेवटी दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली स्त्रियांच्या गटबैठकांच्या या पद्धतीची शिफारस केली. परंतु ती सरसकट केली नाही. विशेषतः जेथे आरोग्यसेवा सहज मिळत नाही अशा ग्रामीण भागांसाठी ती करावी, आणि तिची गुणवत्ता व देखरेख यांकडे बारकाईने लक्ष द्यावे, असे त्या शिफारशीत म्हटले आहे. मुंबईचा आणि बांगलादेशाचा नकार कोणी खणात टाकून दिला असता, तर ही अट त्या शिफारशीत आली नसती. जेथे उपयोग नाही तेथे पैसा आणि श्रम वाया गेले असते. उलट, केवळ ते दोन नकार पाहून योजनाच गुंडाळली असती, तर सिंहभूमच्या एखाद्या पाड्यावरील बाळ, जे आज अंगणात धावत असेल, ते धावते ना. न जुळणाऱ्या साक्षी टाकून न देता त्या का जुळत नाहीत याचा शोध घेतला, म्हणून हे शहाणपण हाती आले.

ग्रंथालयाच्या सभासदांकडे माझे एवढेच मागणे आहे. आपणांपैकी फारच थोडे असे आढावे लिहितील. परंतु आपण सर्व जण वाचक आहोत, मतदार आहोत, संस्थांचे विश्वस्त आणि देणगीदार आहोत. 'अमुक योजना यशस्वी ठरल्याचे संशोधनाने सिद्ध झाले आहे' असे कोणी सांगितले, तर त्यांना तीन प्रश्न विचारावेत. सर्व अभ्यास पाहिले का? जे वगळले ते का वगळले? आणि हे सर्व निष्कर्ष पाहण्यापूर्वी ठरवले होते, की नंतर?

शंभर वर्षांपूर्वी आपल्या पूर्वसूरींनी हे ग्रंथालय स्थापन केले, तेव्हा त्यांनीही एक संकल्पच सोडला होता. पुढे कोण काय वाचील, त्यातून कोणास काय उमजेल, हे त्यांना ठाऊक नव्हते. आपल्याला रुचणारी आणि न रुचणारी, दोन्ही मते एकाच छपराखाली जपून ठेवावयाची, एवढे मात्र त्यांनी आधीच ठरवले होते. तो संकल्प आपण पुढे चालवू या.